बातमीची बांधणी : बालभारतीच्या मराठी भाषा समितीस खुले पत्र

प्रति,
मराठी भाषा समिती,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती), पुणे

बातमी घटनेच्या शेवटापासून सुरू होते. गोष्ट सांगणारा आधी काय झाले, मग काय झाले असे क्रमाने सांगत जातो. बातमीदार शेवटी काय झाले ते पहिल्या वाक्यात सांगून टाकतो आणि मग मागे वळतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरातल्या व्हिक्टोरिया गोदीत, हे पत्र जिथून लिहिले आहे त्या घोडपदेवच्या दक्षिणेला तीनेक किलोमीटरवर, 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर स्फोट झाले. काळाच्या क्रमाने सांगायचे तर हे जहाज २४ फेब्रुवारीला इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. कराचीत त्याने कापसाच्या गाठी भरून घेतल्या, १२ एप्रिलला ते मुंबईला लागले, १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. मृतांचा आकडा आठशे ते तेराशेच्या दरम्यान सांगितला जातो आणि सुमारे ८०,००० माणसे बेघर झाली. बातमी म्हणून हेच लिहायला घेतले, तर मृत, बेघर आणि जळती गोदी पहिल्या वाक्यात येतील, धूर दिसल्याची वेळ दुसऱ्या परिच्छेदात जाईल, आणि बर्कनहेड व कराची इतके खाली ढकलले जातील की पानावर जागा उरली तरच छापले जातील.

दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनाखाली बातमी लेखन असते आणि बारावीच्या 'युवकभारती'त वृत्तलेख हा स्वतंत्र घटक आहे. विद्यार्थी शाळेतल्या वृक्षारोपणाची, स्नेहसंमेलनाची किंवा स्वच्छता मोहिमेची बातमी तयार करतो, मथळा देतो, तारीख आणि स्थळ घालतो आणि गुण मिळवतो. छापून आलेली बातमी उलगडून कशी वाचायची, याला मात्र अभ्यासक्रमात वेगळी जागा नाही. शाळेतून बाहेर पडणाऱ्या हजारांतल्या एखाद्यालाच पुढे बातमी लिहावी लागते, वाचावी मात्र प्रत्येकाला लागते. घोडपदेवमधल्या दहावीच्या मुलीला स्वतःच्या इमारतीच्या पुनर्विकासाची, रे रोडच्या वाहतुकीची किंवा गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीची बातमी वाचताना ती कुणी सांगितली, कोणत्या क्रमाने मांडली आणि काय वगळले हे कळावे, तेवढ्यासाठी बातमीची बांधणी पाठ्यपुस्तकात तपशिलाने यायला हवी. ती कशी असते, ते पुढे मांडले आहे.

उलट्या क्रमाची ही पद्धत वर्तमानपत्रांबरोबर जन्माला आलेली नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले, तेव्हा एका बाजूच्या स्तंभात मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकूर असे. त्या काळातला मजकूर पत्रासारखा लिहिलेला असे. कुठून काय कळले, मग काय घडले, त्यावर लिहिणाऱ्याला काय वाटते, असा तो सावकाश चाले. पुढे 'केसरी'च्या परंपरेत वर्तमानपत्राचा कणा अग्रलेख झाला. वाचक लोकमान्यांचे म्हणणे वाचायला अंक उघडत, बातमी त्या म्हणण्याच्या आधारासाठी येई. मराठी पत्रकारितेला मतप्रदर्शनाची जी सवय आहे तिचे मूळ इथे आहे, आणि ते कमीपणाचे नाही. परक्या सत्तेखाली मत मांडणे हेच मोठे काम होते. मात्र बातमीची कारागिरी स्वतंत्रपणे घडायला त्यामुळे वेळ लागला.

उलट्या क्रमाकडे नेणारा बदल तारेने आला, असे मानतात. रॉयटर्सने १८६६ साली मुंबईत कार्यालय उघडले. तारेच्या प्रत्येक शब्दाला पैसे पडत आणि तार मध्येच तुटे, म्हणून महत्त्वाचे आधी पाठवायचे, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाशीही ही पद्धत जोडली जाते. जुने अमेरिकी अंक प्रत्यक्ष चाळणाऱ्या अभ्यासकांना मात्र ती तिथे शतकाच्या अखेरीसच रुळलेली आढळली. तारेइतकेच घाईत वाचणाऱ्या नव्या शहरी वाचकाला त्याचे श्रेय द्यावे लागते. मराठीत ही वळणे पक्की करण्यात नानासाहेब परुळेकरांचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात 'सकाळ' सुरू केला आणि गावोगावच्या बातमीदारांच्या जोरावर रोजची बातमी हा दैनिकाचा मुख्य माल केला. मत वेगळ्या पानावर गेले आणि बातमीला तिचा साचा मिळाला.

त्या साच्याला पत्रकारितेच्या वर्गात उलटा पिरॅमिड म्हणतात. वर रुंद पाया, खाली टोक. सर्वांत वर मथळा, त्याखाली बातमीदाराची ओळख (प्रतिनिधी, विशेष प्रतिनिधी, वार्ताहर किंवा प्रत्यक्ष नाव), मग स्थळ, आणि मग पहिला परिच्छेद. संपादकीय विभागात या परिच्छेदाला इंट्रो म्हणतात. काय, कोण, कुठे, कधी, का आणि कसे, हे सहा ककार बातमीत यायलाच हवेत असा नियम आहे, पण सहाही ककार इंट्रोत मावत नाहीत. कोणता ककार वर घ्यायचा हा निर्णय बातमीदार आणि उपसंपादक घेतात. तो निर्णय वाचकाला दिसत नाही, पण बातमीचा अर्थ तिथेच ठरतो. मंत्री गोदीला भेट द्यायला आले तर 'कोण' वर जातो, माणसे मेली तर 'काय'. एखाद्या वस्तीत तिसऱ्यांदा आग लागली असेल तर 'कुठे' वर यायला हवा, पण सहसा येत नाही.

'का' हा ककार जवळजवळ नेहमी मागे राहतो. त्याचे एक कारण प्रामाणिक आहे, घटनेच्या दिवशी तो कुणालाच ठाऊक नसतो. 'फोर्ट स्टिकिन'वर पेट घेणारा कापूस आणि स्फोटके एकाच कप्प्यात भरलेली होती, आणि धूर दिसल्यापासून पहिल्या स्फोटापर्यंतच्या दोन तासांत निर्णय घेणारे हात अनेक असूनही निर्णय झाला नाही, हे चौकशीनंतरच नीट जुळवता आले. दुसरे कारण छपाईचे आहे. रात्री उशिरा जाहिरात आली किंवा मोठी बातमी आली की पानावरची जागा कमी होते आणि उपसंपादक बातमीचा मजकूर, म्हणजे कॉपी, खालून कापतो. उलटा पिरॅमिड खालून कापण्यासाठीच बांधलेला असतो. शेवटचे तीन परिच्छेद उडवले तरी बातमी पांगळी दिसत नाही. पण त्याच तीन परिच्छेदांत पूर्वीची अशीच घटना, नियम काय सांगतो, आधी केलेल्या तक्रारी, म्हणजे 'का' या प्रश्नाचे सगळे सामान ठेवलेले असते. छापील बातमीत कारण सापडत नाही, तेव्हा बातमीदाराने ते लिहिले नव्हते असे धरून चालणे चूक ठरेल.

कापण्याहून मोठी गोष्ट म्हणजे न छापणे. त्या १९४४ च्या स्फोटाची सविस्तर बातमी बाहेरच्या जगाला पहिल्यांदा दिली ती १५ एप्रिलला जपान्यांच्या ताब्यातल्या रेडिओ सायगॉनने. युद्धकालीन सेन्सॉरमुळे वार्ताहरांना आपले वृत्तांत परदेशी धाडायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडावा लागला, आणि अमेरिकेतल्या 'टाइम'मध्ये ते वृत्त २२ मेच्या अंकात आले. भायखळा, माझगाव, मांडवीतल्या माणसांनी जो आवाज आपल्या कानांनी ऐकला होता, तो 'टाइम'च्या वाचकांच्या दृष्टीने पाच आठवडे झालेलाच नव्हता. बातमी वाचायला शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे. ते मुंबईचे आहे, तारखांसह पडताळता येते, आणि १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन का पाळतात हेही मुलांना त्यातून कळते.

मथळा बातमीदार लिहीत नाही, ही गोष्ट बहुतेक वाचकांना माहीत नसते. तो डेस्कवरचा उपसंपादक लिहितो, बहुधा सगळ्यात शेवटी, आणि स्तंभाच्या रुंदीत बसेल इतक्याच अक्षरांत. त्यामुळे मथळ्यातून सर्वांत आधी गळते ती शंका. आत 'असा आरोप रहिवाशांनी केला' असते आणि वर आरोपच विधान होऊन बसतो. भारतीय प्रेस कौन्सिलच्या पत्रकारितेच्या आचारनियमांत याबद्दल स्पष्ट सांगितले आहे. मथळ्याला खालच्या मजकुराचा आधार हवा, आणि मथळ्यात आरोप असेल तर तो करणाऱ्याचे नाव द्यावे किंवा निदान अवतरणचिन्हे घालावीत. म्हणून मराठी दैनिकांतल्या मथळ्यांभोवतीची एकेरी अवतरणचिन्हे शोभेची नसतात. ती दिसली की हे वर्तमानपत्राचे म्हणणे नाही, दुसऱ्या कुणाचे आहे, असे समजावे. विरामचिन्हांचा धडा शिकवताना याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

मराठी बातमीचे खरे मर्म मात्र तिच्या वाक्यात आहे, आणि भाषेच्या अभ्यासक्रमाने सर्वाधिक वेळ द्यावा तो इथे. अभ्यासापुरते एक काल्पनिक वाक्य घ्यावे :

"घोडपदेव परिसरातील एका इमारतीत गेल्या तीन दिवसांपासून दूषित पाणीपुरवठा होत असल्याची तक्रार रहिवाशांनी केली असून, जलवाहिनीची पाहणी करण्यात येत असल्याचे पालिकेच्या ई विभागातील अधिकाऱ्यांनी सांगितले."

असे वाक्य कोणत्याही दिवशीच्या अंकात सापडेल. यात दोन माणसे बोलतात, रहिवासी आणि अधिकारी. 'असून' या एका शब्दाने दोघांना एकाच दावणीला बांधले आहे. रहिवाशांचे म्हणणे पूर्वार्धात संपते आणि वाक्याचे मुख्य क्रियापद, 'सांगितले', अधिकाऱ्यांच्या वाट्याला येते. मराठीत वाक्याचा जोर शेवटी, क्रियापदापाशी असतो. त्यामुळे वाचून झाल्यावर लक्षात राहते ते पालिकेने काहीतरी चालवले आहे हे, आणि तीन दिवस लोक काय प्यायले हे मागे पडते. खोटे असे यात काहीच नाही. नुसत्या मांडणीने तक्रारीवर उत्तर बसवले गेले आहे.

आता त्यातले 'असल्याची' आणि 'असल्याचे' पाहावेत. ही दोन रूपे बातमीदाराची ढाल आहेत. पाणी दूषित 'आहे' असे तो म्हणत नाही, दूषित 'असल्याची तक्रार' आहे असे म्हणतो. त्याने स्वतः नळाखाली बाटली धरली नसेल, तर असेच लिहिणे योग्य. वाक्य सुटसुटीत करण्याच्या नादात कुणी "घोडपदेवच्या इमारतीत तीन दिवस दूषित पाणी" असे केले, की दावा वर्तमानपत्राच्या अंगावर येतो. जड वाटणारी रचना प्रत्येक वेळी वाईट नसते, ही गोष्ट सोप्या मराठीचा आग्रह धरणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हवी. त्यातला बोजडपणा काढावा, पण सांगणारा काढू नये. "तीन दिवस गढूळ पाणी येत आहे, असे घोडपदेवच्या एका इमारतीतले रहिवासी सांगतात. पालिकेच्या ई विभागाने जलवाहिनी तपासायला घेतल्याचे म्हटले आहे." ही दोन वाक्ये सोपीही आहेत आणि दोन्ही सांगणारे आपापल्या जागी उभेही आहेत.

मराठीची एक अडचण मात्र तरीही राहते. क्रियापद शेवटी असल्यामुळे 'असे अमुक यांनी सांगितले' हा भाग दाव्याच्या नंतर येतो. पन्नास शब्दांचे विधान वाचताना वाचक ते खरे धरून चालतो आणि बोलणारा कोण हे त्याला वाक्याच्या टोकाला कळते, बहुधा त्याचे लक्ष पुढच्या परिच्छेदाकडे वळलेले असताना. चांगला उपसंपादक अशा वेळी बोलणाऱ्याला वाक्याच्या तोंडाशी आणतो. "पोलिसांच्या म्हणण्यानुसार" ही दोन पावले सुरुवातीलाच टाकली, की पुढचे सगळे त्या प्रकाशात वाचले जाते.

बातमीतल्या खात्रीच्या पायऱ्याही शिकवण्याजोग्या आहेत. नाव देऊन 'सांगितले' ही सर्वांत भक्कम पायरी, कारण उद्या त्या माणसाला विचारता येते. 'सूत्रांनी सांगितले' म्हणजे माणूस आहे, नाव नाही. 'असे समजते' किंवा 'कळते' यात माणूसही नाही. आणि 'अशी चर्चा आहे' म्हणजे छापण्याजोगे हातात काही नव्हते, तरी छापले. 'संशयित', 'आरोपी' आणि 'दोषी' यांतला फरक तर कायद्याचा आहे. न्यायालयाने निकाल देईपर्यंत माणूस आरोपीच असतो, आणि मथळ्यात त्याला 'खुनी' म्हणणे म्हणजे खटला चालण्याआधी शिक्षा सुनावणे.

व्याकरणाच्या तासाला प्रयोग शिकवले जातात, ते रामाने रावण मारल्याच्या उदाहरणांवर. बातमीत कर्ता कसा नाहीसा होतो हे दाखवायला 'करण्यात आले' ही एक रचना पुरे आहे. झोपड्या हटवण्यात आल्या, लाठीमार करण्यात आला, पाणीपुरवठा खंडित करण्यात आला, निविदा काढण्यात आली. कुणी केले? ही रचना सरकारी पत्रकांतून जशीच्या तशी वर्तमानपत्रांत येते. इंग्रजी वृत्तसंस्थांची कॉपी घाईने मराठीत आणतानाही हीच हाताशी असते. विद्यार्थ्याला एका बातमीतली अशी सगळी वाक्ये शोधायला लावून प्रत्येकाचा कर्ता लिहायला सांगावे. काही ठिकाणी कर्ता दुसऱ्या परिच्छेदात सापडेल, काही ठिकाणी अंदाजाने लिहिता येईल, आणि काही ठिकाणी पूर्ण बातमी वाचूनही सापडणार नाही. ही तिसरी ठिकाणे महत्त्वाची असतात.

मराठी बातमीत माणसाचा दर्जा सर्वनामाने आणि क्रियापदाच्या रूपाने ठरतो, याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. आयुक्त 'म्हणाले', मंत्री 'ते', उद्योगपती 'यांनी', पण टॅक्सीचालक 'म्हणाला', फेरीवाला 'त्याने', हमाल 'तो'. एकाच बातमीत, एकाच अपघाताबद्दल, साठीचा हमाल 'तो' असतो आणि पस्तिशीचा अधिकारी 'ते'. आदरार्थी बहुवचन सगळ्यांना द्यावे की सगळ्यांचे काढावे, यावर दुमत असू शकते. पण ते पदाकडे पाहून देणे ही सवय आहे, नियम नव्हे, आणि ती बदलता येते.

बातमी कुणाच्या तोंडून येते यावरही तिची बांधणी अवलंबून असते. दैनिकांचे बातमीदार पोलीस, पालिका, न्यायालय, मंत्रालय, शिक्षण अशा बीटवर, म्हणजे ठरवून दिलेल्या क्षेत्रांवर, असतात. रोज पान भरायचे असल्याने जिथे रोज बोलणारा माणूस मिळतो तिथून बातमी येते. गुन्ह्याची बातमी पोलीस ठाण्यातून येते आणि मग पोलिसांच्या क्रमानेच लिहिली जाते : गुन्हा नोंद झाला, कलम लागले, अटक झाली, पुढील तपास चालू आहे. जागेचे नावही तिथूनच येते. घोडपदेवमधल्या गल्लीतली घटना छापताना ठाण्याच्या हद्दीप्रमाणे किंवा जवळच्या रेल्वे स्थानकाप्रमाणे भायखळ्याची किंवा कॉटन ग्रीनची होऊन जाते. अशा वस्तीचे नाव वर्तमानपत्रात क्वचित दिसते आणि तिचा इतिहास नंतर शोधणाऱ्याला जुन्या अंकांत ती सापडत नाही.

मराठीत याला उत्तर देणारी परंपरा आहे आणि ती याच भागाच्या आसपास वाढली. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून मुंबईतून चालवले. लोखंडे गिरणीत नोकरी केलेले गृहस्थ. गिरणीतले कामाचे तास, दंडाची कपात, सुट्टी नसणे, हे त्यांच्या पत्रात बातमी झाले, कारण सांगणारा कामगार होता. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० रोजी रविवारच्या सुट्टीचा निर्णय मिळवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, त्याचे कार्यालय परळच्या पोयबावडीला होते. ज्यांना इतर पत्रांत कर्म म्हणूनच जागा होती, ते या पत्रांत कर्ते झाले. वृत्तपत्रांच्या इतिहासाचा धडा सहसा संपादकांच्या नावांवर आणि सनावळीवर संपतो. त्याऐवजी त्या काळी कोणाचे म्हणणे बातमी ठरत होते आणि कोणाचे नव्हते हे दाखवले, तर सनावळीला अर्थ येईल.

बातमीच्या साच्यात घटना मावते, प्रक्रिया मावत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप सुरू केला. संप सुरू झाला ही बातमी होती, मोर्चा, अटक, वाटाघाटी याही बातम्या होत्या. पण संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही, म्हणून 'संप मिटला' असा मथळा छापायचा दिवस उगवलाच नाही. महिन्यामागून महिने एकेक घर गावाकडे परतले, मुलांच्या शाळा सुटल्या, बायकांनी खानावळीची आणि घरकामाची कामे धरली. यातली कोणतीही गोष्ट अमुक तारखेला घडली असे म्हणता येत नाही आणि तारीख नसली की इंट्रो लिहिता येत नाही. ही माणसे सविस्तर बोलली ती मीना मेनन आणि नीरा आडारकर यांच्या 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' या मुलाखतींच्या पुस्तकात, २००४ साली. घोडपदेवला न्यू हिंद मिलच्या जागेवर आज गिरणी कामगारांसाठी म्हाडाने बांधलेल्या इमारती आहेत. सोडत निघाली तेव्हा बातमी आली, ताबा मिळाला तेव्हा आली. मधली वर्षे कोऱ्या जागेसारखी आहेत.

ही कोरी जागा भरण्यासाठीच वृत्तलेख असतो, आणि बारावीच्या पुस्तकातला तो घटक दहावीच्या बातमीशी या धाग्याने जोडावा. वृत्तलेखाला तारखेची गरज नसते. तो एका माणसापासून, एका खोलीपासून सुरू होऊ शकतो, त्यातला 'का' वर येऊ शकतो आणि तो खालून कापता येत नाही. मुलाखत, अहवाल, पाठपुरावा, पानाच्या तळाशी येणारी अँकर बातमी, चौकट, या इतर प्रकारांची ओळखही सोबत एका तासात होते.

ठरीव वाक्यांबद्दल थोडे सांगायला हवे, कारण विद्यार्थी ती चांगल्या बातमीची खूण समजून उत्तरपत्रिकेत उतरवतात. 'परिसरात एकच खळबळ उडाली', 'सर्वत्र हळहळ व्यक्त होत आहे', 'शर्थीचे प्रयत्न', 'घटनास्थळी धाव घेतली'. खळबळ कुणी पाहिली, हळहळ कुणी व्यक्त केली? नाव असेल तर नाव द्यावे, नसेल तर वाक्य गाळावे. पेपर तपासणाऱ्या शिक्षकांनी अशा वाक्यांना गुण दिले नाहीत, तर पुढच्या दहा वर्षांत वर्तमानपत्रांची भाषा सुधारेल. आकड्यांचेही तसेच. 'हजारो' आणि 'लाखो' हे आकडे नव्हेत. सभेची गर्दी आयोजकाने सांगितली की पोलिसांनी, मृतांचा आकडा किती वाजेपर्यंतचा, हे लिहिल्याशिवाय आकडा अपुरा असतो.

समितीकडे मागणी नेमकी आहे. दहावीच्या बातमी लेखनाला जोडून बातमी वाचनाचा एक पाठ असावा आणि त्यात एकाच दिवसाची, एकाच घटनेची, तीन मराठी दैनिकांतली बातमी शेजारीशेजारी छापावी. प्रश्न असे असावेत : प्रत्येकाने कोणता ककार वर घेतला? कोण बोलले आणि कितव्या परिच्छेदात? मथळ्यातला दावा आत कुणाच्या तोंडी आहे? 'करण्यात आले' कुठे आले आणि कर्ता कोण? कोणाला 'ते' म्हटले, कोणाला 'तो'? तिन्हींत जे नाही असे काय कळायला हवे होते? त्यानंतर विद्यार्थ्याने तीच माहिती घेऊन चौथी बातमी लिहावी, शंभर शब्दांची, आणि तिच्याखाली आपण काय गाळले व का, हे दोन ओळींत नोंदवावे. परीक्षेत बातमीला जेवढे गुण, तेवढेच या दोन ओळींना असावेत. प्रश्नपत्रिकेत काल्पनिक समारंभांऐवजी विद्यार्थ्याच्या वस्तीतला चालू प्रश्न निवडण्याची मुभा शाळेला द्यावी. घोडपदेवच्या मुलांनी घोडपदेवच्या पाण्याची, वाचनालयाची, जुन्या इमारतीच्या दुरुस्तीची बातमी लिहावी आणि ती लिहिण्याआधी निदान दोन माणसांशी बोलून त्यांची नावे, त्यांच्या परवानगीने, वहीत टिपून घ्यावीत.

घोडपदेव, मुंबई